डीस्पेस ५ वरून नव्या आवृत्तीवर जायचंय: मराठी शोध, १२३४५६७८९ चं हँडल आणि जुने प्रबंध

भूर्जपत्र

नमस्कार मंडळी.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचा मुक्त संग्रह डीस्पेस ५.६ वर चालतो (प्रबंध, लेख जपून लोकांना शोधू देणारं मुक्त सॉफ्टवेअर). दर्शनी पानं जुन्या जेएसपीयूआयची, उबुंटू १६.०४, ८ जीबी रॅम. साधारण ४,२०० नोंदी आहेत: प्रबंध, संस्थेच्या त्रैमासिकाचे जुने अंक, प्राध्यापकांचे लेख, थोडी स्कॅन केलेली दुर्मिळ पुस्तकं. निम्म्याहून जास्त मजकूर मराठी, थोडा संस्कृत, बाकी इंग्रजी. काम बघणारी माणसं दोन, एक ग्रंथपाल आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा लिनक्स जाणणारा मुलगा. नवा सर्व्हर मंजूर झालाय, म्हणून बसवण्याआधीच विचारून घेते.

१. डीस्पेसचीच नवी आवृत्ती घ्यावी, की ईप्रिंट्ससारखं हलकं काही?
२. मराठीत शोधलं तर शीर्षकातले शब्द कसेबसे सापडतात, पीडीएफच्या आतलं काहीच सापडत नाही. इंग्रजी प्रबंधांतलं मात्र सापडतं. असं का?
३. आमच्या सगळ्या हँडलमध्ये (नोंदीचा कायमचा पत्ता) १२३४५६७८९ हा आकडा आहे. लोकांनी ते दुवे लेखांच्या संदर्भसूचीत छापलेत आणि हँडल डॉट नेटवरून ते उघडत नाहीत. आता दुरुस्त होईल का?
४. जुन्या प्रबंधांची संमतीपत्रं नाहीत. काय उघडं ठेवायचं आणि काय नाही?

लकडीपूल

पहिल्याचं उत्तर आधी देतो: डीस्पेसच. ईप्रिंट्स वाईट आहे म्हणून नव्हे. साउदॅम्प्टन विद्यापीठाचं ते सॉफ्टवेअर २००० सालापासून चालू आहे, पर्ल आणि मायएसक्यूएलवर चालतं, ४ जीबी रॅममध्ये सुखाने नांदतं. फक्त लेखांचा नवा संग्रह उभा करायचा असता तर मी तेच सुचवलं असतं. पण तुमच्या ४,२०० नोंदी, त्यांची हँडल, परवानग्या आणि इतक्या वर्षांची वाचनसंख्या डीस्पेसच्या साच्यात बसलेली आहे. दुसऱ्या साच्यात ओतताना नेमकं हेच सांडतं.

डीस्पेस ५ आणि ६ या दोन्हींची सुरक्षा दुरुस्ती २०२३ मध्ये थांबली. ७ आलं ऑगस्ट २०२१ मध्ये, ८ जून २०२४ मध्ये, ९ मे २०२५ मध्ये. तुम्ही ८ किंवा ९ घ्या, जावा १७ दोन्हींना चालतं. ५ वरून थेट येता येतं, मधे ६ आणि ७ बसवत बसायची गरज नाही. एक मनाची तयारी मात्र ठेवा: ७ पासून जेएसपीयूआय आणि एक्सएमएलयूआय हे जुने दोन्ही दर्शनी भाग गेले, म्हणजे जुन्या पानांची सजावट पुन्हा करावी लागणार. आता मागे जावाचा सर्व्हर पोर्ट ८०८० वर, पुढे नोडवर चालणारा अँग्युलरचा दर्शनी भाग ४००० वर, बाजूला शोधाची सूची ठेवणारं सोलर ८९८३ वर आणि खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. म्हणून रॅम १६ जीबी आणि ४ कोर घ्या. ८ जीबीवर चालू होतं, पण दर्शनी भाग बिल्ड करताना मेमरी संपते आणि लिनक्स गुपचूप सोलरला मारून टाकतं. मग तासभर लोक डीस्पेसची चूक शोधत राहतात.

क्रम असा धरा (आज्ञांचे उच्चार देवनागरीत देतोय, टंकताना रोमन लिपीतच). जुन्या सर्व्हरला हात लावू नका, सगळं नव्यावर. आधी पोस्टग्रेसमध्ये सुपरयूजरच्या हक्काने पीजीक्रिप्टो हे एक्स्टेंशन बसवा. ६ पासून प्रत्येक नोंदीला यूयूआयडी (लांबलचक एकमेव ओळखक्रमांक) असतो आणि या एक्स्टेंशनशिवाय मायग्रेशन, म्हणजे डेटाबेस नव्या साच्यात नेणं, पुढे सरकत नाही. मग डेटाबेसचा डंप भरा, असेटस्टोअरचं फोल्डर (मूळ फाइली यातच असतात) आरसिंकने आणा आणि 'डीस्पेस डेटाबेस मायग्रेट इग्नोर्ड' चालवा. शेवटचा शब्द गाळू नका. इतकी मोठी उडी मारताना मधली काही स्थलांतरं क्रमाने मागची ठरतात आणि त्या शब्दाशिवाय ती चालतच नाहीत. मंजुरीच्या रांगेत अडकलेल्या नोंदी त्याआधी जुन्या सर्व्हरवरच निकालात काढा, कारण मंजुरीची यंत्रणाही ७ मध्ये बदलली आहे. नोंद भरण्याच्या अर्जाची इनपुट-फॉर्म्स ही फाइल आता सबमिशन-फॉर्म्स झाली. बदलायला 'सबमिशन-फॉर्म्स-मायग्रेट' आहे. तुम्ही अर्जात मराठी सूचना लिहिल्या असतील तर त्या हाताने तपासा.

वाचनसंख्येबद्दल खास सांगतो, कारण इथे कायमचं नुकसान होतं. ती डेटाबेसमध्ये नसते, सोलरच्या स्टॅटिस्टिक्स कोरमध्ये (वेगळ्या साठ्यात) असते. शोधाची सूची डेटाबेसवरून कधीही नव्याने बनते, ही बनत नाही. आणि ५ मधल्या आकड्यांना नोंदींचे जुने क्रमांक जोडलेले असतात, यूयूआयडी नव्हे. म्हणून जुन्यावरून एक्सपोर्ट, नव्यावर इम्पोर्ट, मग 'सोलर-अपग्रेड-स्टॅटिस्टिक्स-६एक्स'. हे राहिलं तर संग्रह उघडेल, पण जुनं सगळं वाचन शून्य दिसेल.

बसवल्यावर लॉगिन होईना आणि ४०३ सोबत सीएसआरएफची (मागणी खऱ्या पानावरूनच आली का याची तपासणी) तक्रार आली तर पासवर्ड बदलत बसू नका. दोन्ही भाग एचटीटीपीएसवर आहेत का ते बघा, लोकल सीएफजी फाइलमध्ये यूआय यूआरएल आणि सर्व्हर यूआरएल अक्षर न् अक्षर खरे आहेत का ते बघा, आणि पुढे बसवलेला प्रॉक्सी (अपाची किंवा एनजिनएक्स) एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो पुढे पाठवतो का ते बघा. स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र चालवू नका. ब्राउझरला समजूत घालता येते, पण नोडला ते मान्य होत नाही आणि मुखपृष्ठावर ५०० येतो.

अनुस्वार

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं मूळ डीस्पेसमध्ये नाही, पीडीएफमध्ये आहे.

एक मराठी प्रबंध उघडा, एक ओळ निवडा, नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी आली तर ठीक. रोमन अक्षरं, कंस आणि टोपीवाली चिन्हं यांचा काला आला तर तो प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला आहे. तिथे पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात भलतंच रोमन चिन्ह असतं. डीस्पेस तो काला इमानदारीने काढतं आणि सोलर तो इमानदारीने साठवतं. पुण्यात युनिकोड रुळण्याआधी टाइप झालेल्या प्रबंधांत हे सरसकट सापडेल. तिसरा प्रकार म्हणजे नुसता स्कॅन. त्यात चिकटवण्यासारखं काही निवडलंच जात नाही.

४,२०० फाइली हाताने तपासायच्या नाहीत. 'पीडीएफटूटेक्स्ट'ने प्रत्येकीचा मजकूर काढा आणि त्यात देवनागरी अक्षरांचं प्रमाण मोजा. भाषा मराठी नोंदलेली आहे आणि देवनागरी निम्म्याहून कमी आहे, अशा फाइलींची यादी म्हणजे तुमचं काम. पंधरा ओळींचा पायथन पुरतो.

मग ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखणं. टेसरॅक्ट आणि त्यावर ओसीआरमायपीडीएफ, भाषा 'एमएआर' अधिक 'ईएनजी', संस्कृतला 'एसएएन'. इथे हमखास एक घोटाळा होतो. नुसत्या स्कॅनसाठी 'स्किप-टेक्स्ट' बरोबर आहे. जुन्या फाँटच्या फाइलींना मात्र 'फोर्स-ओसीआर'च द्यावं लागतं, कारण यंत्राच्या दृष्टीने त्यांच्यात मजकूर आधीच आहे. 'स्किप-टेक्स्ट' दिलंत तर ते सगळी पानं ओलांडून जातं, काम यशस्वी म्हणून सांगतं आणि काला तसाच राहतो. 'फोर्स-ओसीआर' प्रत्येक पानाचं चित्र करतं, म्हणून मूळ फाइल फेकू नका. ती नोंदीतल्या वेगळ्या बंडलमध्ये (फाइलींच्या गटात), फक्त व्यवस्थापकांना दिसेल अशी ठेवा. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली असेल तर निकाल खाली जातो. घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल, गळालेले अनुस्वार, तळटीपा मजकुरात मिसळणं हे होणारच. शोधासाठी ते चालतं, वाचणारा चित्रच वाचत असतो. मोडी मात्र टेसरॅक्टला येत नाही. मोडी कागदांना हाताने नीट वर्णन लिहिण्यावाचून इलाज नाही.

ओसीआर झालेली फाइल नोंदीत बदलली की मजकूर पुन्हा काढायला 'फिल्टर-मीडिया' चालवा. आधी एकदा मजकूर काढलेली फाइल ते पुन्हा घेत नाही, जबरदस्तीचा 'एफ' पर्याय लागतो.

आता नव्या आवृत्तीतली एक मर्यादा, जी मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त जाचते. ७.३ पासून मजकूर काढताना सुरुवातीची १,००,००० अक्षरंच घेतली जातात, पुढचं सोडून दिलं जातं. देवनागरीत मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थ्यांच्या' हा एक शब्द १७ चिन्हांचा आहे. पानाला १,८०० ते २,००० चिन्हं धरली तर ३०० पानी प्रबंधाची पहिली पन्नास-पंचावन्न पानंच शोधात येतात. निष्कर्षाचं प्रकरण कधीच सापडत नाही आणि कुणाला कळतही नाही. मर्यादा दोन जागी आहे: 'टेक्स्टएक्स्ट्रॅक्टर मॅक्स-कॅर्स' आणि 'डिस्कव्हरी सोलर फुलटेक्स्ट कॅरलिमिट'. दोन्ही वाढवा. एकच वाढवली तर काही बदलत नाही.

नंतर नोंदींचा मजकूर. मराठीत एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. 'तऱ्हा' आणि 'तर्‍हा' पडद्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, दुसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह आहे. तसंच 'ॲ' एका चिन्हाचा आणि 'अॅ' दोन चिन्हांचा. एका कळफलकावरून टाइप केलेलं शीर्षक दुसऱ्या कळफलकावरून शोधलं की सापडत नाही. सोलरमध्ये इंडिक नॉर्मलायझेशन फिल्टर तयार मिळतो. तो टेक्स्ट या प्रकारात साठवण्याच्या आणि शोधण्याच्या दोन्ही साखळ्यांत घाला, बदललेली स्कीमा (सोलरची रचना-फाइल) सोलरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये न्यायला विसरू नका, आणि 'इंडेक्स-डिस्कव्हरी' 'बी' पर्यायासह चालवा. पण प्रत्येक फरक तो मिटवेलच असं नाही, म्हणून सगळा भार फिल्टरवर टाकू नका. नोंदीच एका रूपात आणून ठेवा, कारण त्या उद्या दुसऱ्या सूचींतही जाणार आहेत.

हिंदीचा स्टेमर (शब्दाचं मूळ रूप काढणारा भाग) मराठीला लावू नका. सोलरसोबत मराठीचा स्टेमर येत नाही आणि हिंदीचा आपले विभक्तिप्रत्यय भलतीकडे तोडतो. 'पुणे' शोधणाऱ्याला 'पुण्यात' सापडणार नाही हे धरून चाला. 'पुण्य' पुढे तारांकित करून शोधलं तर पापपुण्यावरचे प्रबंधही येतील. त्यावर साधा उपाय म्हणजे विषयाच्या रकान्यात मूळ रूप लिहिणं: पुणे, शाळा, घोडा.

लेखकांची नावंही बघा. 'राजवाडे, वि. का.', 'राजवाडे, वि.का.' आणि 'वि. का. राजवाडे' हे बाजूच्या यादीत तीन लेखक होतात. संग्रह सीएसव्हीत काढा, ओपनरिफाइनमध्ये सारखी नावं गोळा करा, परत भरा. सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका, देवनागरी मोडते. लिब्रेऑफिसमध्ये यूटीएफ-८ निवडून उघडा. एका रकान्यातल्या अनेक किमतींमधले दोन उभे दंड तसेच राहू द्या. एका वेळी ५०० नोंदी पुरे; आधी नुसती पडताळणी, मग खरा बदल.

भूर्जपत्र

अनुस्वार, हाच घोळ आहे. पाच पीडीएफ चिकटवून पाहिल्या: तीनमध्ये काला, एक नुसता स्कॅन, एकच ठीक. 'फोर्स-ओसीआर' एका प्रबंधावर चालवलं, देवनागरी चांगली आली, पण ४ एमबीची फाइल ३८ एमबीची झाली. गूगल स्कॉलरला चालेल का?

अनुस्वार

नाही. स्कॉलरच्या सूचनांत एका फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे. जेबीआयजी२ एन्कोडर (काळी-पांढरी पानं दाबून लहान करणारा) वेगळा बसवा आणि ओसीआरमायपीडीएफला ऑप्टिमाइझ ३ द्या. काळ्या-पांढऱ्या पानांची फाइल खूप उतरते. पानं करडी असतील तर आधी काळी-पांढरी करून घ्या. तरीही मोठी राहिली तर प्रकरणवार फाइली करा, पहिल्या फाइलीत मुखपृष्ठ आणि सारांश ठेवा. संस्थेच्या शिक्क्याचं जादा पान पीडीएफच्या सुरुवातीला जोडत असाल तर बंद करा. स्कॉलर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात शीर्षक आणि त्याखाली लेखक शोधतं.

पिनकोड_४११०३०

हँडलचं सांगतो. १२३४५६७८९ हा डीस्पेससोबत येणारा नमुन्याचा आकडा आहे, कुणाच्याही नावावर नोंदलेला नाही. म्हणून तुमच्या साइटवर दुवा उघडतो, हँडल डॉट नेटवर नाही.

हँडल उपसर्ग देणाऱ्या सीएनआरआय या अमेरिकन संस्थेकडे स्वतःचा उपसर्ग (हँडलमधला संस्थेचा आकडा) नोंदवा. नोंदणी ५० डॉलर आणि पुढे दर वर्षी ५० डॉलर. रक्कम छोटी आहे, पण परदेशी चलनात दर वर्षी भरायची असते, म्हणून लेखा विभागाशी आधीच बोलून ठेवा. 'मेक-हँडल-कॉन्फिग'ने तयार झालेली फाइल त्यांना पाठवायची, उपसर्ग मिळाला की हँडल सर्व्हर चालू करायचा. त्याला बाहेरून २६४१ आणि ८००० ही पोर्ट उघडी लागतात. बहुतेक संस्थांत गाडी इथेच अडते. फायरवॉलवाले ८० आणि ४४३ च्या पलीकडे काही उघडत नाहीत, त्यामुळे लेखी अर्ज करताना २६४१ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही असं स्पष्ट लिहा. तपासणी संस्थेच्या आतून नको, मोबाइल डेटावरून करा.

मग बॅकअप घेऊन 'अपडेट-हँडल-प्रीफिक्स', आधी जुना आकडा, मग नवा. हे डेटाबेसमधली हँडल आणि नोंदींतला यूआरआयचा रकाना दोन्ही बदलतं. त्यानंतर शोधाची सूची नव्याने बनवा आणि 'ओएआय इम्पोर्ट' 'सी' पर्यायासह चालवा, नाहीतर ओएआय-पीएमएचवरून (नोंदी उचलण्याची ठरलेली पद्धत) तुमच्या नोंदी उचलणाऱ्यांना जुनेच दुवे जात राहतील.

छापलेल्या जुन्या दुव्यांसाठी अपाची किंवा एनजिनएक्समध्ये एकच नियम: हँडल, तिरकी रेघ, १२३४५६७८९ अशी मागणी आली की मागचा क्रमांक तसाच ठेवून नव्या उपसर्गाकडे ३०१ ने कायमचं वळवा. पीडीएफचे जुने थेट दुवे बिटस्ट्रीम या शब्दाने सुरू होतात, त्यांना दुसरा तसाच नियम. नव्या डीस्पेसला दोन्ही जुन्या धाटणीचे पत्ते समजतात. ज्यांनी हँडल डॉट नेटचा पत्ता छापलाय तो मात्र उघडणार नाही, तो आकडा तुमचा नाहीच. म्हणून संस्थेच्या साइटचं नाव आणि डोमेन कधीही बदलू देऊ नका.

ग्रंथघर

चौथा प्रश्न. ताई, तीन गठ्ठे करा.

जुनी पुस्तकं: कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. दा. ध. कोसंबी १९६६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन १ जानेवारी २०२७ पासून मुक्त. इरावती कर्वे १९७० मध्ये गेल्या, म्हणजे १ जानेवारी २०३१ पासून. पुस्तक दुर्मिळ आहे, छपाईत नाही, संस्थेनेच विकत घेतलंय, यातलं काहीही मुदत कमी करत नाही. अनुवादकाचा आणि संपादकाच्या प्रस्तावनेचा हक्क वेगळा मोजायचा.

प्राध्यापकांचे लेख: प्रकाशकाने मांडणी करून दिलेली पीडीएफ बहुधा ठेवता येत नाही, परीक्षणानंतर स्वीकारलेलं लेखकाचं हस्तलिखित बहुतेक ठिकाणी ठेवता येतं, कधी ६, १२ किंवा २४ महिन्यांनी. नियतकालिकाचं धोरण जिस्कच्या ओपन पॉलिसी फाइंडरवर बघा, तेच जुनं शेर्पा रोमिओ. मुदत डीस्पेसमध्ये फाइलीवरच तारीख घालून ठेवता येते, त्या दिवशी ती आपोआप उघडते. लेखकाला स्वीकृतीचं पत्र आलं त्याच आठवड्यात फाइल मागा. वर्षाने मागितली तर ती कुणाकडेही नसते.

संमती नसलेले प्रबंध: शीर्षक, सारांश, अनुक्रमणिका उघडी, पूर्ण मजकूर संस्थेच्या आवारापुरता, बाहेरच्याला 'प्रत मागवा' बटण. माजी विद्यार्थ्यांना एका पानाचं संमतीपत्र पाठवत राहा आणि आलेलं पत्र त्याच नोंदीच्या लायसन्स बंडलमध्ये ठेवा. आवारापुरतं बंधन आयपीवरून घालत असाल तर एक धोका आहे: डीस्पेस प्रॉक्सीच्या मागे असेल आणि खरा आयपी त्याला पोचत नसेल, तर अख्खं जग त्याला तुमच्याच सर्व्हरवरून आलेलं दिसतं आणि सगळ्यांना प्रबंध उघडतात. 'यूज प्रॉक्सीज' खरं ठेवा आणि घरच्या इंटरनेटवरून एक बंद प्रबंध उघडून बघा.

लकडीपूल

दोन गोष्टी राहिल्या.

सोलरचं ८९८३ बाहेर उघडं ठेवू नका, नोडचं ४००० ही नको. बाहेर फक्त ४४३. आणि एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट सध्या संग्रहांवर तुटून पडतात. ते पीडीएफ नेतात ते चालतं, मुक्त संग्रहच आहे. त्रास होतो तो शोधाच्या पानांवर, कारण लेखक, वर्ष, विषय यांच्या जोड्या लावत ते लाखो पत्ते तयार करतात आणि नोड प्रत्येक पान सर्व्हरवर रचत बसतो. रोबॉट्स फाइलीत शोध आणि ब्राउझची पानं बंद करा, साइटमॅप चालू ठेवा म्हणजे गूगल नोंदींपर्यंत थेट जाईल, आणि प्रॉक्सीवर दर आयपीला मागण्यांची मर्यादा घाला. कॉलेजचं अख्खं वसतिगृह एकाच आयपीवरून येतं हे लक्षात घेऊन ती मर्यादा फार घट्ट नको.

बॅकअप: रोज रात्री आधी डेटाबेसचा डंप, मग असेटस्टोअर. क्रम उलटा केला तर मधल्या वेळात आलेल्या नोंदीची माहिती बॅकअपमध्ये असते आणि फाइल नसते. त्या वेळेत काढून टाकलेल्या फाइली पुसणारा 'क्लीनअप' चालू नसावा. असेटस्टोअरमधल्या फाइलींची नावं नुसते लांबलचक आकडे असतात, म्हणून डेटाबेस गेला तर उरलेल्या हजारो फाइलींपैकी कुठली कुणाची हे सांगता येत नाही. सोबत लोकल सीएफजी, स्टॅटिस्टिक्स कोरचा एक्सपोर्ट आणि हँडल सर्व्हरची खाजगी किल्ली. ही शेवटची हटकून राहून जाते. आठवड्यातून एकदा 'चेकर' लावा, तो प्रत्येक फाइलीचा चेकसम जुळवून खराब झालेली फाइल दाखवतो.

जुना सर्व्हर नवा चालू झाल्यावर निदान तीन महिने बंद करून कपाटात ठेवा, फॉरमॅट करू नका.

भूर्जपत्र

आभार सगळ्यांचे. पीजीक्रिप्टो आणि डंप या आठवड्यात चाचणीच्या यंत्रावर करतोय. २६४१ चा अर्ज आजच दिला. लकडीपूल, स्टॅटिस्टिक्सचा एक्सपोर्ट डीस्पेस ५ मधूनच निघतो ना, की काही वेगळं बसवावं लागतं?

लकडीपूल

५ मध्येच आहे, 'सोलर-एक्सपोर्ट-स्टॅटिस्टिक्स'. डिस्कवर मोकळी जागा बघून घ्या, सीएसव्ही असल्यामुळे बाहेर आल्यावर ते बरंच फुगतं. आणि एक्सपोर्ट चालू असताना टॉमकॅट (डीस्पेस चालवणारा जावा सर्व्हर) चालूच ठेवा, ५ मध्ये सोलर त्याच्याच पोटात असतं.